शशकातील किरमिजी तारा आणि एएव्हीएसओची निरीक्षणसेवा : एक परीक्षण

रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणाऱ्या ताऱ्यांचे निरीक्षण करू इच्छिणाऱ्याला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. तारा नेमका कोणता ते दाखवणारा नकाशा, केलेले निरीक्षण नोंदवण्याची सोय, आणि आपली नोंद इतरांच्या नोंदींशेजारी ठेवून पाहता येईल असा प्रकाशवक्र, म्हणजे काळानुसार तेज कसे बदलले ते दाखवणारा आलेख. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स, अर्थात एएव्हीएसओ, ही संस्था या तिन्ही गोष्टी आपल्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य देते. एखाद्या सौम्य, पिवळसर ताऱ्यासाठी ही सेवा वापरली तर तिच्यात खोट काढायला फारशी जागा मिळत नाही. म्हणूनच प्रस्तुत परीक्षणासाठी जाणीवपूर्वक अवघड गिऱ्हाईक निवडले आहे. ते म्हणजे शशक तारकासमूहातील आर लेपोरिस हा स्पंद पावणारा, कार्बनने समृद्ध असा राक्षसी तारा. त्याचा गडद तांबडा रंग मानवी डोळ्याला चकवतो, आणि ज्या सेवेचा मोठा भाग आजही मानवी डोळ्यांनी केलेल्या अंदाजांवर उभा आहे, तिची खरी कसोटी अशा ताऱ्यापाशीच लागते.

तारा आधी नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण सेवेचे गुणदोष त्याच्या स्वभावातूनच उलगडतात. लंडनमधील जॉर्ज बिशप यांच्या खाजगी वेधशाळेत काम करणाऱ्या जॉन रसेल हाइंड यांना १८४५ साली हा तारा दिसला. त्यांनी त्याची तुलना काळ्या पार्श्वभूमीवरील रक्ताच्या थेंबाशी केली, आणि तेव्हापासून तो हाइंडचा किरमिजी तारा म्हणूनच प्रसिद्ध आहे. त्याचे तेज बदलते हे १८५५ मध्ये योहान श्मिट यांनी ओळखले. तो मीरा वर्गात, म्हणजे मीरा या ताऱ्याप्रमाणे दीर्घ आवर्तनात तेज खूप बदलणाऱ्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या वर्गात मोडतो. सुमारे ४२७ दिवसांच्या आवर्तनात त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक) ५.५ पासून ११.७ पर्यंत खाली-वर होते. म्हणजे कमाल तेजाच्या वेळी गडद आकाशात तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवू शकतो, तर किमान तेजाच्या वेळी लहान द्विनेत्रीच्याही आवाक्याबाहेर जातो. दोन टोकांतील हा फरक सहा प्रतींचा, म्हणजे तेजाच्या हिशेबात अडीचशे पटींहून अधिक आहे. शिवाय सर्व आवर्तने सारखी नसतात. काही वेळा कमाल तेज सहाव्या प्रतीच्या आसपास पोहोचते, तर काही वेळा त्याहून बरेच अंधूक राहते, आणि या चढउतारामागे सुमारे चाळीस वर्षांचे आणखी एक मोठे आवर्तन असावे असे दिसते.

त्याच्या तांबडेपणाचे कारण केवळ कमी तापमान एवढेच नाही. अशा ताऱ्यांचा पृष्ठभाग दोन ते तीन हजार केल्विन इतका थंड असतो हे खरे, पण मीरा या ताऱ्याचा पृष्ठभागही असाच थंड असूनसुद्धा तो एवढा लाल दिसत नाही. फरक रसायनाचा आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात राक्षसी ताऱ्याच्या गाभ्याभोवती हेलियम व हायड्रोजन यांच्या पातळ थरांत आलटून पालटून ज्वलन चालते, हेलियमच्या ज्वलनातून कार्बन तयार होतो, आणि अभिसरणाचे प्रवाह तो पृष्ठभागापर्यंत ढवळून वर आणतात. वातावरणातील कार्बनचे अणू ऑक्सिजनच्या अणूंपेक्षा जास्त झाले की चित्र पालटते. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ सगळा ऑक्सिजन अडकवून ठेवतो, आणि उरलेल्या कार्बनपासून द्विअणू कार्बन, सायनोजेन यांसारखे रेणू आणि पुढे प्रत्यक्ष काजळीचे कण तयार होतात. हे रेणू व कण निळा-जांभळा प्रकाश इतका शोषून घेतात की आपल्यापर्यंत प्रामुख्याने वर्णपटाचा तांबडा भागच पोहोचतो. १८६० च्या दशकात इटालियन पाद्री-खगोलज्ञ आंजेलो सेक्की यांनी ताऱ्यांचे वर्णपट वर्गांत बसवले, तेव्हा या ताऱ्यांच्या वर्णपटातील रुंद पट्टे पाहून त्यांच्यासाठी त्यांना स्वतंत्र चौथा वर्ग करावा लागला होता.

आता सेवेकडे वळू. संस्थेची स्थापना १९११ सालची. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या प्रोत्साहनाने विल्यम टायलर ऑल्कट या हौशी निरीक्षकाने ती उभी केली. तिच्या संग्रहात आज पाच कोटींहून अधिक निरीक्षणे आहेत, आणि ती जगभरच्या लोकांनी पाठवलेली आहेत. त्यांत आजच्या बांगलादेशातील जेसोरजवळच्या खेड्यातून निरीक्षणे करणारे राधागोविंद चंद्र यांच्या सदतीस हजारांहून अधिक नोंदींचाही समावेश आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. व्यवसायाने ते सरकारी खजिन्यातील कर्मचारी होते, आणि त्यांचे काम पाहून संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली होती. निरीक्षण पाठवण्यासाठी आजही सभासदत्वाची अट नाही. नाव नोंदवले की निरीक्षकाला एक सांकेतिक अक्षरसंच मिळतो, आणि त्यानंतरची प्रत्येक नोंद त्या अक्षरांखाली कायमची जमा होते.

सेवेतील सर्वांत उपयुक्त अंग म्हणजे नकाशा तयार करण्याची सोय. ताऱ्याचे नाव लिहायचे, आकाशाचा किती भाग हवा ते सांगायचे, किती अंधूक ताऱ्यांपर्यंतचे तारे दाखवावेत ते ठरवायचे आणि आपले उपकरण चित्र उलटे दाखवते की सुलटे त्यानुसार दिशा निवडायची, की काही क्षणांत पांढऱ्या पृष्ठावर काळ्या ठिपक्यांचा नकाशा तयार होतो. ठिपका जितका मोठा तितका तारा तेजस्वी. काही निवडक ठिपक्यांशेजारी, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशेजारी, ७२, ८५, ९४ अशा धर्तीचे आकडे असतात, आणि त्यांचा अर्थ ७.२, ८.५, ९.४ प्रत असा घ्यायचा असतो. दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेले असते, कारण नकाशावरचा तो बारीक टिंब एखादा अंधूक तारा आहे असे वाटू शकते. एवढ्याशा तपशिलावरूनही हे नकाशे अंधारात मंद तांबड्या दिव्याच्या उजेडात वाचणाऱ्यांनीच घडवले आहेत हे कळते. नकाशाच्या कोपऱ्यात त्याचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि नोंद पाठवताना तो द्यावा लागतो. पुढे कधी एखाद्या तुलना-ताऱ्याची प्रत सुधारली गेली, तर कोणत्या नोंदी कोणत्या मापांवर बेतल्या होत्या याचा माग या क्रमांकामुळे काढता येतो.

आर लेपोरिस शोधणे सोपे आहे. शशकातील आल्फा ताऱ्यापासून म्यू ताऱ्याकडे जाणारी रेषा तशीच वायव्येकडे साडेतीन अंश पुढे नेली की आपण त्याच्या परिसरात पोहोचतो. तेथे पंधरा अंशांचा रुंद नकाशा आधी आणि तीन अंशांचा अरुंद नकाशा नंतर वापरणे सोयीचे जाते. तारा एकदा सापडल्यावर ओळखीबद्दल शंका राहत नाही, कारण त्या क्षेत्रात तशा रंगाचा दुसरा तारा नाही.

खरी अडचण यानंतर सुरू होते. पद्धत अशी की बदलत्या ताऱ्यापेक्षा थोडा तेजस्वी आणि थोडा अंधूक असे दोन तुलना-तारे निवडायचे व आपला तारा त्यांच्यामध्ये कुठे बसतो त्याचा एक दशांश प्रतीपर्यंत अंदाज करायचा. समजा एक तारा ७.२ प्रतीचा व दुसरा ७.८ प्रतीचा आहे, आणि आपला तारा पहिल्यापासून दुसऱ्याच्या दिशेने एक तृतीयांश अंतरावर वाटतो, तर नोंद ७.४ होते. हे गणित दोन पांढऱ्या ताऱ्यांमध्ये तिसरा पांढरा तारा बसवताना बिनचूक चालते. येथे मात्र मोजायचा ठिपका गडद तांबडा आणि मोजपट्टीवरचे ठिपके पांढरे-पिवळे, त्यामुळे तुलना कशाची कशाशी करायची असा प्रश्न पडतो. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले तर तो हळूहळू अधिक तेजस्वी भासू लागतो. नजर थोडी बाजूला वळवून पाहिले, म्हणजे अंधूक ताऱ्यांसाठी एरवी जी युक्ती करतात ती केली, तर उलट तो फिका पडतो, कारण डोळ्याच्या कडेच्या पेशी तांबड्या प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाहीत. चांदण्याने उजळलेल्या आकाशात परिणाम पुन्हा वेगळा होतो. मोठ्या दुर्बिणीतून पाहणारा आणि द्विनेत्रीतून पाहणारा यांच्यात फरक पडतो, आणि वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते म्हणून तरुण आणि वृद्ध निरीक्षकांतही पडतो. एकाच रात्री, एकाच नकाशावरून, दोन प्रामाणिक व अनुभवी निरीक्षकांचे अंदाज अर्ध्या प्रतीने किंवा त्याहूनही अधिक वेगळे निघणे या ताऱ्याच्या बाबतीत मुळीच आश्चर्याचे नाही.

यावर संस्थेचा सल्ला चांगला आहे. दृश्य निरीक्षणासाठीच्या तिच्या मार्गदर्शिकेत तांबड्या ताऱ्यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे : टक लावू नये, झटकन एकेक दृष्टिक्षेप टाकून निर्णय घ्यावा, आणि रंग फारच जाणवत असेल तर दुर्बिणीचे नाभीयन (फोकस) मुद्दाम बिघडवून ताऱ्यांच्या पुसट चकत्या होऊ द्याव्यात, म्हणजे रंग फिका होऊन केवळ उजेडाची तुलना करता येते. ही दुसरी युक्ती विशेष परिणामकारक आहे. तारे पसरट होताच किरमिजी रंग इतका उतरतो की एरवी खटकणारी तुलना बरीच सहज होते. माझा आक्षेप सल्ल्याला नसून त्याच्या जागेला आहे. मार्गदर्शिका वेगळी, नकाशा वेगळा. थेट नकाशा काढून कामाला लागणाऱ्या नवशिक्याला नकाशावर ताऱ्याचे स्थान व तुलना-ताऱ्यांचे आकडे सापडतात, पण हा तारा डोळ्याला फसवतो अशी सूचना तेथे दिसत नाही. नकाशासोबत मागवता येणाऱ्या तक्त्यात तुलना-ताऱ्यांचे रंगांक (रंगाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा लाल) दिलेले असतात आणि जाणकाराला त्यावरून योग्य तो बोध होतो. काक्षीसारख्या ठळक तांबूस ताऱ्याचा रंगांक सुमारे १.८५ असतो आणि आर लेपोरिसचा त्याच्या दुपटीहूनही जास्त, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी तो तक्ता पुरेसा आहे. ज्याला ते ठाऊक नाही त्याच्यासाठी एका ओळीची सूचना असती तर बरे झाले असते.

नोंद पाठवण्याचा अर्ज साधा आहे. ताऱ्याचे नाव, वेळ, अंदाजलेली प्रत, वापरलेले तुलना-तारे व नकाशाचा क्रमांक एवढे भरले की काम होते. वेळ ज्युलियन दिनांकात, म्हणजे महिने-वर्षे न मानता सलग मोजलेल्या दिवसांच्या क्रमांकात देता येते. हा दिनांक ग्रिनिचच्या मध्यान्हापासून मोजला जातो, पण त्याचे रूपांतर करून देणारी सोय असल्याने त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. शिवाय चौदा महिन्यांचे आवर्तन असलेल्या ताऱ्यासाठी घटका-पळांचा हिशेब निरर्थक असतो. तारा दिसला नाही तरी अमुक प्रतीपेक्षा अंधूक अशी नोंद करता येते, आणि किमान तेजाच्या काळात द्विनेत्रीवाल्यांना याच नोंदीचा आधार असतो. आकाश उजळ असेल, ढग असतील, अंदाजच डळमळीत असेल, तर प्रत्येकासाठी एकेका अक्षराचा संकेत आहे. हे संकेत अनेकजण भरत नाहीत. कार्बन ताऱ्यांच्या बाबतीत तरी ते कटाक्षाने भरावेत, कारण चांदण्या रात्रीचा अंदाज वेगळा का पडला याचे उत्तर पुढच्या अभ्यासकाला तेवढ्या एका अक्षरातून मिळते.

प्रकाशवक्राचे पान हे या सेवेचे सर्वांत देखणे आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक अंग आहे. आर लेपोरिसचे नाव देऊन गेल्या दहा-पंधरा वर्षांचा वक्र मागवला, तर उंच डोंगर आणि खोल दऱ्यांची एक रांग दिसते, पण ती बारीक रेषेची नसते. तो ठिपक्यांचा जाड, विस्कटलेला पट्टा असतो, आणि काही जागी त्याची जाडी पूर्ण एका प्रतीपर्यंत जाते. कोणत्याही ठिपक्यावर निर्देशक नेला की ती नोंद कोणी, कधी व किती प्रतीची केली हे लगेच कळते. दृश्य अंदाज आणि गाळणी लावून इलेक्ट्रॉनिक शोधकाने केलेली मापने वेगवेगळ्या रंगांत दाखवली जातात, आणि या ताऱ्यासाठी दोन्ही एकत्र मागवणे फार उद्‌बोधक ठरते. डोळ्याची संवेदनशीलता हिरव्या-पिवळ्या गाळणीच्या तुलनेत निळ्याकडे किंचित झुकलेली असल्याने तांबडे तारे डोळ्याला सामान्यतः थोडे अंधूक भासतात, आणि तारा जितका लाल तितकी ही तफावत वाढते.

हा विस्कटलेपणा संस्थेला सहज लपवता आला असता. सरासरी काढून सुबक रेषा आखणे हे काही अवघड काम नाही, आणि ज्याला ते हवे आहे त्याच्यासाठी संस्थेची व्हीस्टार नावाची विनामूल्य आज्ञावलीही आहे. तिच्यात सरासरी व आवर्तनकाल या दोन्हींचे विश्लेषण करता येते. पण मूळ पानावर प्रत्येक निरीक्षकाची नोंद जशी आली तशी ठेवलेली आहे. कोणाचाही आकडा बहुमताकडे ओढून आणलेला नाही. कार्बन ताऱ्याच्या वक्राची जाडी ही काही अंशी ताऱ्याविषयीची आणि काही अंशी आपल्या डोळ्यांविषयीची माहिती आहे. तिच्यातून ताऱ्याचा भाग वेगळा काढण्यासाठी आधी ती आहे तशी समोर असावी लागते.

या मोकळेपणाला एक धोकाही जोडलेला आहे. आज रात्री अंदाज करायचा आहे आणि इतरांनी काल काय नोंदवले ते एका टिचकीवर दिसते, मग मोह होतोच. आधी वक्र पाहून घेतलेला निरीक्षक नकळत त्या आकड्याकडे झुकतो. संस्थेची शिकवण निरीक्षणापूर्वी इतरांचे आकडे पाहू नयेत अशीच आहे, मात्र ती पाळायची की नाही हे सर्वस्वी वापरणाऱ्यावर सोडलेले आहे. ज्या ताऱ्यात अर्ध्या प्रतीचा मतभेद स्वाभाविक आहे, तेथे हे पथ्य पाळणे सर्वांत गरजेचे असते.

एकट्या निरीक्षकाला या ताऱ्याचे पूर्ण आवर्तन कधीच पाहायला मिळत नाही, हा मुद्दाही सेवेच्या बाजूने जातो. उत्तर गोलार्धातून मे ते जुलैच्या सुमारास तो सूर्याच्या उजेडात हरवतो. त्याचे आवर्तन वर्षापेक्षा सुमारे दोन महिन्यांनी मोठे असल्याने कमाल तेजाची तारीख दरवर्षी तेवढी पुढे सरकते. एका वर्षी ती जानेवारीत आली तर पुढच्या वर्षी मार्चमध्ये येते, आणि त्यापुढची नेमकी त्या न दिसणाऱ्या महिन्यांत जाते. दक्षिण गोलार्धातील निरीक्षकांना ही फट बरीच लहान असते, आणि एकत्रित संग्रहात तिची भरपाई होते. स्वयंचलित सर्वेक्षणे आली तरी या कामाची गरज संपलेली नाही. दररात्री सगळे आकाश टिपणाऱ्या आसास-एसएनसारख्या प्रकल्पाचे कॅमेरे दहाव्या-अकराव्या प्रतीपेक्षा तेजस्वी ताऱ्यांनी संपृक्त होतात, म्हणजे त्यांचे तेज नीट मोजू शकत नाहीत, आणि आर लेपोरिस आपल्या आवर्तनाचा बहुतेक काळ त्याहून तेजस्वीच असतो. १८९० पासून काम करणारा ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा रूपविकारी तारे विभागही अशा नोंदी जपतो व द्विनेत्रीने पाहता येणाऱ्या अर्धनियमित (आवर्तन पुरते नियमित नसलेल्या) ताऱ्यांसाठी त्याचा कार्यक्रम चांगला आहे. मात्र निरीक्षकांचा विस्तार आणि कोणत्याही ताऱ्याचा नकाशा हवा तेव्हा काढण्याची सोय यांत एएव्हीएसओ पुढे आहे, असे माझे मत आहे.

संस्थेच्या आंतरराष्ट्रीय रूपविकारी तारा सूचीबद्दल थोडक्यात सांगता येईल. वर्ग, वर्णपट, तेजाची मर्यादा आणि आवर्तनकाल एका पानावर मिळतो. फक्त आवर्तनकालाचा तो एकच आकडा दगडावरची रेघ समजू नये, कारण अशा ताऱ्यांचा काळ प्रत्येक आवर्तनात काही दिवसांनी मागेपुढे होतो, आणि जुन्या कमाल तेजाच्या तारखेपासून नुसता गुणाकार करत गेल्यास अंदाज बराच चुकू शकतो. ज्याला एवढा टोकाचा तारा झेपणार नाही, त्याने सेक्कींनी ‘ला सुपर्बा’ असे नाव दिलेला श्यामशबल समूहातील वाय कॅनम व्हेनाटिकोरम पाहावा. तो द्विनेत्रीच्या कक्षेत कायम राहतो. मात्र त्याचे चढउतार इतके संथ व लहान आहेत की रंगामुळे होणारी चूक आणि ताऱ्याचा प्रत्यक्ष बदल बऱ्याचदा एकाच मापाचे ठरतात, म्हणून सरावासाठी तो वाटतो तितका सोपा नाही. मीनेतील टीएक्स पिशियम तर याही बाबतीत अधिक अवघड, त्याचे तेज जेमतेम अर्ध्या प्रतीच्या आसपास हलते. सहा प्रतींचा पल्ला असलेल्या आर लेपोरिसमध्ये अर्ध्या प्रतीची चूक होऊनही डोंगर डोंगरच दिसतो.

सेवा नियमित वापरणाऱ्याने वक्राच्या पानावरची एक सोय अवश्य वापरावी. आपल्या सांकेतिक अक्षरांनुसार स्वतःचे ठिपके वेगळ्या रंगात उठवून दाखवता येतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी एक नोंद अशा बेताने एक-दोन हंगाम गेले, की आपले ठिपके पट्ट्याच्या वरच्या कडेला राहतात की खालच्या, हे स्पष्ट होते. ते सातत्याने एकाच बाजूला असतील तर आपला डोळा तांबड्या रंगाला कमी किंवा अधिक दाद देतो एवढाच त्याचा अर्थ, आणि तेवढ्यासाठी आपले आकडे बदलू नयेत. ठिपके कधी वर तर कधी खाली विखुरलेले असतील, तर मात्र तुलना-तारे दर वेळी बदलले जात आहेत का, किंवा चांदण्या रात्रींच्या नोंदी संकेताक्षराविना जात आहेत का, हे आधी तपासावे.